आम्लपित्तावरील पॅन्टोप्राझोल : योग्य वापर आणि दक्षता

छातीत जळजळ किंवा आंबट ढेकर सुरू झाले की औषधालयातून ‘गॅसची गोळी’ आणण्याची सवय सर्वत्र आढळते; मग ते गोव्यातील फोंडा असो वा मध्य प्रदेशच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील निंबोला. मात्र या नावाने दिली जाणारी पॅन्टोप्राझोल ही अनुसूची ‘एच’मधील गोळी असून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावयाची असते.

कार्य : जठराच्या अस्तरातील विशिष्ट पेशी ‘प्रोटॉन पंपा’द्वारे आम्ल स्रवतात. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधे हे पंप बंद करतात. आम्ल घटल्याने अन्ननलिकेचा दाह शमतो व जठरव्रण भरून येतो. पूर्ण परिणाम दिसण्यास दोन-तीन दिवस लागतात.

कसे घ्यावे : अन्न पोटात जाताच पंप कार्यरत होतात, म्हणून गोळी जेवणापूर्वी अर्धा ते एक तास आधी, बहुधा सकाळी, पाण्यासोबत घ्यावी. आम्लापासून बचाव करणारे तिचे आवरण मोडू नये म्हणून ती चावू वा कुटू नये. मात्रा चुकल्यास पुढील वेळी दुप्पट घेऊ नये. उपचार साधारणतः चार ते आठ आठवड्यांचा असतो.

व्रणाचे मूळ : अनेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. त्याच्या शोधासाठी बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अशा रुग्णाला प्रतिजैविकेही द्यावी लागतात. केवळ आम्ल कमी करून व्रण पुन्हा उद्भवू शकतो. श्वास वा शौचाच्या तपासणीपूर्वी ही गोळी साधारण दोन आठवडे बंद ठेवावी लागते, अन्यथा जिवाणू असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो. सांधेदुखीवरील डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांमुळेही व्रण होतो.

दक्षता : दीर्घकाळ वापराने ‘ब १२’ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम घटू शकते, तसेच हाडे मोडण्याचा आणि आतड्यांच्या संसर्गाचा धोका वाढू शकतो. क्वचित मूत्रपिंडाचा दाहही होतो. हृदयरुग्ण क्लोपिडोग्रेल घेत असल्यास ओमेप्राझोल टाळावे. वॉर्फरिन, मेथोट्रेक्सेट किंवा एचआयव्हीवरील औषधे सुरू असल्यास, तसेच यकृतविकार वा गर्भारपण असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

याचा अर्थ गोळी परस्पर बंद करावी, असा नव्हे. बऱ्याच दिवसांनी ती एकदम थांबविल्यास आम्ल उसळून पूर्वीपेक्षा अधिक जळजळ होऊ शकते. ॲस्पिरिनमुळे होणारा रक्तस्राव टाळण्यासाठी ती दिलेली असेल, तर ती थांबविणे धोक्याचे ठरते.

केव्हा थांबू नये : डांबरासारखे काळे शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, गिळताना अडथळा, अकारण वजन घटणे, पंडुरोग ही व्रणातील रक्तस्रावाची वा कर्करोगाची लक्षणे असू शकतात. गोळीने तात्पुरता आराम पडल्याने निदान लांबते, हाच खरा धोका. छातीतील दुखणे हात, जबडा वा पाठीकडे पसरत असेल, घाम फुटत असेल किंवा दम लागत असेल, तर ते ‘पित्त’ समजून गोळी घेत बसू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. १०८ क्रमांकावर तत्काळ संपर्क साधावा.