व्हिडिओ एन्कोडिंग (चित्रपट संकलन)

चित्रपट, मालिका व माहितीपट यांच्या निर्मितीत चित्र व ध्वनी ठरावीक नियमांनुसार कॉम्प्रेस करून फाईलमध्ये साठवण्याच्या प्रक्रियेस व्हिडिओ एन्कोडिंग असे म्हणतात. ज्या पद्धतीने हे कॉम्प्रेशन होते व पुन्हा उलगडले जाते, तिला कोडेक म्हणतात. एकाच चित्रीकरणापासून सामान्यतः तीन प्रकारच्या फायली वापरात येतात: कॅमेऱ्याची मूळ फाईल, संकलकाच्या कामाची प्रत (प्रॉक्सी) आणि दिग्दर्शक व निर्मात्यांनी पाहण्याची अवलोकन प्रत. तिन्हींची गरज वेगळी असल्याने एकच सेटिंग सर्वांना लागू पडत नाही.

कोडेकचे प्रकार

एच.२६४ (२००३) आणि एचईव्हीसी (२०१३) या कोडेकमध्ये सामान्यतः काही अंतराने एक फ्रेम पूर्ण साठवली जाते व मधल्या फ्रेममधील केवळ बदल नोंदवले जातात. त्यामुळे फाईल लहान होते. मात्र मधली एखादी फ्रेम दाखवण्यासाठी संगणकाला आजूबाजूच्या फ्रेमही उलगडाव्या लागतात. सलग पाहण्यास ही पद्धत सोयीची असली, तरी मागे-पुढे सरकत कापण्याच्या कामात ती संगणकावर भार टाकते.

अ‍ॅव्हिडचा डीएनएक्सएचडी (२००४) आणि अ‍ॅपलचा प्रोरेस (२००७) यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवली जाते. फाईल मोठी होते, परंतु संकलन सुरळीत चालते. एच.२६४ मधील मूळ चित्रीकरण प्रोरेसमध्ये बदलल्याने गमावलेला तपशील परत येत नाही. केवळ हाताळणी सुलभ होते.

संकलनासाठीची प्रत

१९२० × १०८० रिझोल्युशन व सेकंदाला २५ फ्रेम असताना प्रोरेस ४२२ एचक्यूचा बिटरेट सेकंदाला सुमारे १८४ मेगाबिट असतो, म्हणजे तासाला सुमारे ८३ गिगाबाइट. प्रोरेस ४२२ प्रॉक्सीचा बिटरेट सुमारे ३८ मेगाबिट असून तासाला सुमारे १७ गिगाबाइट जागा लागते. प्राथमिक संकलनासाठी प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचडी ३६, तर अंतिम प्रतीसाठी एचक्यू किंवा त्यावरील दर्जा निवडला जातो.

प्रॉक्सीचे फाईलनाव, टाइमकोड, फ्रेम दर व ध्वनीचे ट्रॅक मूळ फाईलशी जुळणे अत्यावश्यक असते. संकलन पूर्ण झाल्यावर प्रॉक्सीच्या जागी मूळ फायली जोडल्या जातात. टाइमकोड चुकल्यास प्रत्येक शॉट हाताने शोधावा लागतो. ध्वनी सहसा ४८ किलोहर्ट्झवर, कॉम्प्रेस न करता ठेवतात.

अवलोकन प्रत

ही प्रत मोबाइल वा लॅपटॉपवर सहज चालावी लागते. त्यामुळे एमपी४ फाईल, ८ बिट एच.२६४ चित्र व एएसी ध्वनी अशी निवड प्रचलित आहे. एक्स२६४ या एन्कोडरमध्ये स्थिर दर्जासाठी ० ते ५१ असा सीआरएफ आकडा असतो. आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला व फाईल मोठी. मूलभूत मूल्य २३ आहे. लॉग पद्धतीने चित्रित केलेले फिकट चित्र आधी रेक. ७०९ या रंगमानकात आणले जाते. अन्यथा पाहणाऱ्याचा रंगांविषयी गैरसमज होतो. सूचना नेमकेपणाने देता याव्यात म्हणून टाइमकोड चित्रावरच छापला जातो.

फ्रेम दर

भारतातील विद्युतपुरवठा ५० हर्ट्झचा असून दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ फ्रेम, तर चित्रपटगृहासाठी प्रामुख्याने २४ फ्रेम वापरल्या जातात. दर आरंभीच ठरवून शेवटपर्यंत तोच राखला जातो. अनेक मोबाइल कॅमेऱ्यांचा फ्रेम दर बदलता असतो. तो आधी स्थिर न केल्यास चित्र व ध्वनीचा मेळ हळूहळू सुटत जातो.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात

बीड जिल्ह्यातून दरवर्षी गळीत हंगामात मोठ्या संख्येने ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात स्थलांतर करतात. या विषयावरील चित्रीकरणात पहाटेचा अंधार, उसाची हलती पाती आणि बैलगाड्यांची धूळ ही दृश्ये स्वाभाविक आहेत. अशा दृश्यांत लगतच्या फ्रेम एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या असतात. परिणामी, कमी बिटरेटवर चित्रात चौकोनी ठोकळे दिसतात व काळोख्या भागात पट्टे उमटतात. हा दोष मूळ चित्रीकरणाचा समजला गेल्यास पुन्हा न मिळणारा शॉट अकारण वगळला जाऊ शकतो. त्यामुळे अशा दृश्यांसाठी अवलोकन प्रतीचा बिटरेट वाढवणे इष्ट ठरते.

संकलक पुणे किंवा मुंबईत असल्यास फाईल पाठवण्याचा वेळही महत्त्वाचा ठरतो. सेकंदाला २० मेगाबिटचा स्थिर अपलोड वेग मिळाल्यास एका तासाचे चित्रीकरण पाठवण्यास लागणारा वेळ असा:

प्रोरेस ४२२ एचक्यू – सुमारे ९ तास
प्रोरेस ४२२ प्रॉक्सी – सुमारे २ तास
५ मेगाबिटची एच.२६४ प्रत – सुमारे १५ मिनिटे

म्हणून प्रॉक्सी व अवलोकन प्रती इंटरनेटवरून, तर मूळ फायली हार्ड डिस्कवर पाठवणे व्यवहार्य असते. मूळ फायलींच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर असल्याची खात्री होईपर्यंत कॅमेऱ्याचे कार्ड पुसले जात नाही.

सुपूर्दीपूर्व तपासणी

सर्व फायली एन्कोड करण्यापूर्वी एका लहान शॉटवर संपूर्ण प्रक्रिया करून पाहिली जाते: प्रॉक्सी तयार करणे, ती संकलन प्रणालीत उघडणे आणि पुन्हा मूळ फाईल जोडणे. त्यानंतर फायलींची संख्या, लांबी, फ्रेम दर, टाइमकोड व ध्वनीचे ट्रॅक यांची मूळ फायलींशी पडताळणी करून त्याची लेखी यादी संकलकाकडे दिली जाते.