मानीव

जर्मन सरकारने मला सध्या एक फिक्शन दिलंय. कादंबरी वगैरे नाही, घडीचा एक साधा कागद. नाव मात्र खरंच तसंच, 'फिक्टिऑन्सबेशायनिगुंग'. परमिट संपायच्या आत तुम्ही अर्ज केलात आणि ऑफिसला निर्णय द्यायला वेळ लागला, तर तोवर जुनं परमिट चालू आहे असं मानायचं. पुण्या-मुंबईच्या सोसायटीवाल्यांना 'मानीव अभिहस्तांतरण' माहीत असेल. त्यातलाच हा 'मानीव'.

मी तीन महिने आधी अर्ज केला होता. परमिट संपून आता चार महिने झाले, अपॉइंटमेंटचा पत्ता नाही. आणि पुढच्या महिन्यात पुण्यात बाबांचं ऑपरेशन आहे.

वैतागून गेल्या शनिवारी या कागदाचा इतिहास वाचत बसलो. म्हटलं, बघू तरी हे कुठून आलं!

परदेशी लोकांबद्दलचा पोलिसी नियम इथे १९३८ साली, नाझी राजवटीत आला. पाहुणचाराला जो लायक, त्यालाच राहू द्यायचं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) हिटलर गेला तरी पश्चिम जर्मनीत हा नियम थेट १९६५ च्या कायद्यापर्यंत वापरात होता. दरम्यान १९५५ पासून इटली, मग तुर्कस्तान वगैरे देशांतून कामगार बोलावणं सुरू झालं. तुर्कांसाठी १९६१ च्या करारात दोन वर्षांची मर्यादा होती. पण शिकवून तयार केलेला माणूस घालवून परत नवा शिकवायचा, हे कारखानदारांना परवडेना. १९६४ मध्ये ती अट गेली. कागदावर माणूस पाहुणा, प्रत्यक्षात मुक्कामी.

१९७३ मध्ये तेलसंकटाच्या वेळी ही भरती बंद झाली. त्याच वर्षी एका भारतीयाचं परमिट वाढवायला नकार मिळाला. हा गृहस्थ १९६१ पासून इथे, परमिट दर वेळी बिनबोभाट वाढलेलं. नकाराचं कारण काय? तर तो इथे स्थायिक झालाय, आणि जर्मनी हा स्थलांतरितांचा देश नाही! म्हणजे नीट राहिला हाच गुन्हा. तो लढत राहिला. २६ सप्टेंबर १९७८ ला कार्ल्सरूहंच्या घटना न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तुम्ही वर्षानुवर्षं परमिट वाढवत गेलात, त्यावर विसंबून माणसाने आयुष्य उभं केलं, आता तो विश्वास असा मोडता येणार नाही, असं त्याचं सार. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल 'भारतीयाचा खटला' म्हणूनच ओळखला जातो.

हे वाचल्यावर माझा राग थोडा बदलला. गेला नाही हं! पण इतके दिवस मी खिडकीपाशी उपकार मागितल्यासारखा उभा राहायचो. मुदतवाढ हा उपकार नव्हे, हे आपल्याच एका माणसाने पाच वर्षं भांडून मिळवलंय. आणि वेळेत अर्ज करणाऱ्याने ऑफिसच्या उशिराची किंमत मोजू नये, एवढंच हे 'मानीव' सांगतं. २००५ पासूनच्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय.

ऑफिसातले मित्र म्हणतात, एअरलाइनच्या काउंटरवर हा कागद कोणाला कळणार? नको जाऊस.

तिकीट काढलंय. कायद्याचं ते कलम प्रिंट करून पासपोर्टात ठेवलंय. बाबांना म्हटलं, येतोय. ते म्हणाले, "परमिट आलं का रे?"

"आलंय असं माना," म्हटलं.