पोर्तोमध्ये स्वस्त आणि चविष्ट सँडविच कसं शोधाल?

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात खाण्याचा खर्च वाढतो तो मुख्यतः नदीकाठच्या रिबेरा भागात. तिथून चार गल्ल्या आत शिरा आणि 'ताश्का' म्हणजे छोटी खानावळ किंवा 'पाश्तेलारिया' म्हणजे बेकरी-कॅफे शोधा. काउंटरपाशी उभं राहून खाल्लं, तर बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या टेबलापेक्षा कमी पैसे पडतात.

काय मागवाल?

बिफाना: लसूण आणि व्हाइट वाइनमध्ये मुरवलेले डुकराच्या मांसाचे पातळ काप, पावात भरलेले. पोर्तोत ते झणझणीत रश्शात शिजवतात. किंमत सहसा 5 युरोंच्या आत.

प्रेगु: पाव तसाच, आत बीफ.

तोश्ता मिश्ता: हॅम आणि चीज घालून भाजलेलं सँडविच.

फ्रांसेझिन्या: पोर्तोची खासियत. मांसाचे थर, वर वितळलेलं चीज आणि बिअरचा सॉस. हे काट्या-सुरीने खायचं पूर्ण जेवणच, त्यामुळे बिलही बहुतेकदा 10 युरोंच्या पुढे.

मांस खात नसाल तर 'तोश्ता द केजू', म्हणजे फक्त चीजचं सँडविच, मागा. बीफ किंवा पोर्क चालत नसेल, तर नुसत्या फोटोवरून ऑर्डर देऊ नका.

न मागता टेबलावर आलेले ब्रेड, लोणी, ऑलिव्ह फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत पाठवा, म्हणजे पैसे द्यावे लागत नाहीत.

आणि हो, आपला 'पाव' हा शब्द पोर्तुगीज भाषेतूनच आलेला आहे!