नवप्रसूत माता आणि तात्पुरती संततिनियमन साधने : वऱ्हाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना : नवप्रसूत मातेस तात्पुरत्या संततिनियमन साधनांची माहिती अपुरी असण्याचे कारण बहुधा तिच्या अज्ञानात वा परंपरेत शोधले जाते. ही माहिती तिच्यापर्यंत कोणी व कोणत्या हेतूने पोहोचविली, हा मात्र इतिहासाचा प्रश्न आहे. अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या संदर्भात त्याचा विचार येथे केला आहे.

पूर्वपीठिका : र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यांच्या विचारात साधनाची निवड स्त्रीच्या इच्छेशी निगडित होती. 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्याबाहेर होते. मराठी मासिकास प्रांताची सीमा नव्हती, पण साक्षर स्त्रिया मोजक्या होत्या. अमरावतीचे ‘डफरीन’ व अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ ही स्त्री रुग्णालये व्हाइसरॉयांच्या पत्नींच्या नावांनी ओळखली जातात. 1885 च्या डफरीन निधीचा हेतू स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत हा होता. संततिनियमन त्यात नव्हते.

शासकीय कार्यक्रम : 1952 मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला. 1965 मध्ये आलेल्या लूपविषयी रक्तस्रावाच्या तक्रारी व अपुरा पाठपुरावा यांमुळे भीती पसरली. 1969 च्या रुग्णालयीन प्रसूतिपश्चात कार्यक्रमाने बाळंतिणीस केंद्रस्थानी आणले. तथापि भर शस्त्रक्रियेवर राहिला. 1976 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्यास राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. पद्धतवार उद्दिष्टे 1996 मध्ये रद्द झाली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतल्याचे दिसते. पुरुष नसबंदी 1 टक्क्याहूनही कमी आहे.

मातेची स्थिती : पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे सल्ल्याची वेळ येते तेव्हा निर्णयात वाटा असणारे पती व सासू दूर असतात. बाळ अंगावर पीत असेतो दिवस राहत नाहीत, हा समज निराधार नाही. मात्र पाळी परत आलेली नसणे, केवळ स्तनपान आणि पहिले 6 महिने या तिन्ही अटी एकत्र असाव्या लागतात. या अटी न सांगितल्यास अर्धे ज्ञान धोक्याचे ठरते.

समारोप : शस्त्रक्रियेवर भर देणाऱ्या व्यवस्थेने स्त्रीला ‘मुले पुरे झाली का’ असे विचारले, ‘पुढचे मूल कधी हवे’ हा प्रश्न पहिल्या बाळंतपणात मागे पडला. तांबी वा गोळ्यांविषयीची उदासीनता केवळ मातेची नव्हे, ती या क्रमाचीही फलश्रुती आहे.