खर्ड्याचा पोवाडा आणि गल्लींतील कवन

आमच्या जामखेड तालुक्यांत खर्डा नांवाचें गांव आहे. तेथील किल्ल्याच्या आसमंतांत ता. ११ मार्च १७९५ रोजीं मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला, हें शाळेंतल्या मुलांसहि पाठ असतें. त्या लढाईवर आमच्याच जिल्ह्यांतील संगमनेरच्या अनंत फंदीनें पोवाडा रचला, ही गोष्ट मात्र पुष्कळ पदवीधरांस सांगावी लागते. फंदी हा तमासगीर. त्याच्याविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, अहिल्याबाई होळकरांनीं (आणि अहिल्याबाईंचें जन्मगांव चौंडी हेंहि याच तालुक्यांतलें) तमाशाच्या नादाबद्दल त्याची कानउघाडणी केली, व त्यानें डफ टाकून कीर्तन पत्करलें. आख्यायिका खरी असेल, तर तो डफ फार दिवस खुंटीवर राहिला नसावा. कारण अहिल्याबाई निवर्तल्या त्या त्याच १७९५ सालच्या ऑगस्टांत, म्हणजे खर्ड्यानंतर अवघ्या पांच महिन्यांनीं.

हें सारें आठवण्यास एक निमित्त झालें. कांहीं वर्षांपूर्वीं महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत काव्यवाचनाचे परीक्षक या नात्यानें आम्ही बसलों असतां एका विद्यार्थ्यानें रॅप म्हणून दाखविला. विषय उन्हाळ्यांतला पाण्याचा टँकर आणि ऊसतोडीस गेलेले आईबाप. भाषा त्याच्या वस्तीवरची. तींत शिवी नव्हती, पण साखरहि नव्हती. आम्हीं त्यास गुण दिले नाहींत. "हें काव्यवाचन नव्हे, ही परदेशी चालीची नक्कल आहे," असा शेरा आम्हीं लिहिला, आणि मुलांनीं वाजविलेल्या टाळ्यांकडे काणाडोळा केला. तो शेरा चुकीचा होता. तो कां चुकीचा होता, हें पुढें 'गल्ली बॉय' या चित्रपटाच्या गाण्यांचा इतिहास पाहतांना आमच्या ध्यानांत आलें. तेंच येथें मांडण्याचा विचार आहे.

रॅप परदेशी आहे यांत वाद नाहीं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत ता. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं कूल हर्क नांवाच्या तरुणानें एका घरगुती समारंभांत तबकड्या वाजविल्या, तेथून हिपहॉपचा शक मोजण्याची रीत आहे. गाण्यांतला जो तुकडा नाचणारांस आवडे, तोच दोन तबकड्यांवर आलटून पालटून वाजवून लांबवावयाचा, आणि त्या ठेक्यावर कोणीं बोलावयाचें, एवढी त्याची युक्ति. परंतु हा हर्क स्वतः जमैकांतून आलेला; तेव्हां अमेरिकेंतहि ही विद्या निम्मी परदेशीच होती. पुढें ती जेथें जेथें गेली तेथें एकच अडचण उभी राहिली: बोलावयाचें कोणाच्या उच्चारानें? ऑस्ट्रेलियनांची तर मातृभाषाच इंग्रजी. तरीहि तेथील रॅप करणाऱ्यांपुढें अमेरिकन उच्चार उसना घ्यावा कीं घरचा ठेवावा, हा प्रश्न होताच. ॲडलेडच्या 'हिलटॉप हूड्स' या मंडळीनें २००३ सालीं 'द कॉलिंग' हा गाण्यांचा संच घरच्या उच्चारांत काढला, आणि विक्रीचा सुवर्णमान मिळविणारा तो त्या देशांतील पहिला हिपहॉप संच ठरला. इंग्रजी बोलणारांची ही कथा; मग मुंबईच्या पोरांची अवस्था काय असेल?

मुंबईंतहि आरंभ इंग्रजी नकलेनेंच झाला. ती नक्कल सुटली कशी, हें पाहण्यासारखें आहे. कुर्ल्याच्या नावेद शेख ऊर्फ नेझी यानें जानेवारी २०१४ मध्यें 'आफत' हें गाणें प्रसिद्ध केलें. त्याचें चित्रीकरण त्यानें हातांतल्या आयपॅडवर केलें होतें. अंधेरीकडचा विवियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाइन यानें नेझीस बरोबर घेऊन २०१५ त 'मेरे गली में' केलें. भाषा हिंदी खरी, पण ती मुंबईची. मराठी, दखनी, गुजराती शब्द पोटांत घेतलेली. झोया अख्तर यांनीं या दोघांच्या आयुष्यावरून स्फूर्ति घेऊन 'गल्ली बॉय' काढला, तो ता. १४ फेब्रुवारी २०१९ रोजीं पडद्यावर आला; गाणीं आदल्याच महिन्यांत बाहेर पडलीं होतीं.

या संचाची घडण आमच्या सिनेमासंगीताच्या रूढ रीतीच्या अगदीं उलट झाली. रीत अशी कीं, एक संगीतकार चाल बांधतो, एक कवि तींत शब्द बसवितो, आणि पडद्यामागील गायक तें गाणें पडद्यावरील नटास देतो. येथें अंकुर तिवारी यांनीं देखरेखीचें काम पत्करून १८ तुकडे जमविले, आणि त्यांस हात लावणारे कलावंत पन्नासांवर गेले. कांहीं गाणीं गल्लींत आधींच झालेलीं होतीं, कांहीं तेथल्याच पोरांकडून करवून घेतलीं. नट रणवीर सिंग यानें आपलें रॅप स्वतःच्याच तोंडानें म्हटलें. गल्लींतलें कवन दुसऱ्याच्या गळ्यानें गाववून भागत नाहीं, ही गोष्ट करणारांस कळली होती, असें यावरून दिसतें.

आम्हांस त्यांतला 'इंडिया ९१' हा तुकडा विशेष महत्त्वाचा वाटतो. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनीं कर्नाटक तालपद्धतीचे बोल मुंबईच्या रॅप करणाऱ्या पोरांस शिकविले, आणि त्या बोलांच्या गणितावर प्रत्येकानें आपआपल्या भाषेंत शब्द रचले. धर्मेश परमार ऊर्फ तोडफोड याची गुजराती. अमरावतीच्या सौरभ अभ्यंकराची मराठी. हा सौरभ आपलें नांव आंकडा घालून लिहितो: हिंदींतलें 'सौ' म्हणून इंग्रजी शंभर, आणि पुढें रभ! शाहिरी श्लेषास शोभेल अशीच ही खोड आहे. अमेरिकन ठेका, तमिळ मुलखांतला ताल, वऱ्हाडाकडची जीभ. यांत नक्कल कोणाची आणि कोणी केली, हें सांगण्याचें धाडस आम्ही आतां करणार नाहीं.

संचाचें स्वागत मोठें झालें. फेब्रुवारी २०२० मध्यें गुवाहाटीस झालेल्या फिल्मफेअर समारंभांत संगीताचें पारितोषिक या संचास 'कबीर सिंग' बरोबर विभागून, आणि गीतलेखनाचें पारितोषिक 'अपना टाइम आएगा' या गाण्याबद्दल डिव्हाइन व अंकुर तिवारी यांस मिळालें. त्या वेळीं 'तेरी मिट्टी' या गीताचे कर्ते मनोज मुंतशिर यांनीं उघड नाराजी दर्शविली आणि पुढें कोणत्याहि पारितोषिकसमारंभास जाणार नाहीं असें जाहीर केलें. पुष्कळांनीं त्यांची थट्टा केली. आमच्यानें ती करवली नाहीं. त्यांनीं जें मुंबईच्या झगमगाटांत म्हटलें, तेंच आम्हीं जामखेडच्या मांडवांत गुणपत्रिकेवर लिहिलें होतें. छंद, यमक, उपमा यांचा आयुष्यभर अभ्यास करणारांस, ज्याला आपण बोलणें म्हणतों त्यास कोणी काव्य म्हटलेलें सहन होत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

तथापि या संचाचें निखळ कौतुकहि आमच्यानें होत नाहीं. त्यांतलें 'आझादी' हें गाणें डब शर्मा यानें २०१६ सालीं, दिल्लींतील विद्यार्थ्यांच्या घोषणांचा ध्वनि घेऊन, प्रथम केलें होतें. चित्रपटांत येतांना त्याचे शब्द बदलले. गरिबी राहिली, पण ज्या प्रसंगांतून घोषणा निघाली तो प्रसंग गळाला. चित्रपटास कोट्यवधींचें भांडवल लागतें, आणि भांडवलास शत्रु परवडत नाहींत. गल्ली तेवढी आणली, गल्लीचें भांडण बाहेर ठेवलें, असें म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाहीं.

तें भांडण त्याच वर्षीं दुसरीकडे गाइलें गेलें. सौरभ व तोडफोड ज्या मंडळींत होते, त्या 'स्वदेशी' मंडळीनें २०१९ सालीं 'वारली रिव्होल्ट' हें गाणें काढलें. त्यांत मुंबईच्या आरे भागांतील केलटीपाड्याचे वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. नांवामागें १९४५ चा वारल्यांचा उठाव उभा आहे; गोदावरी परुळेकरांचें 'जेव्हां माणूस जागा होतो' ज्यांनीं वाचलें आहे, त्यांस तो निराळा सांगावयास नको. आरेंतील प्रश्न मेट्रोच्या गाड्यांच्या आगाराचा होता. ता. ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं उच्च न्यायालयानें झाडें वांचविण्याचे अर्ज फेटाळले, त्याच रात्रीं करवती चालू झाल्या, आणि ता. ७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली तोंवर दोन हजारांवर झाडें पडलीं होतीं. पुढें आगार कांजूरमार्गास न्यावयाचें ठरलें, २०२२ त पुन्हां आरेंतच आलें, आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत त्या मार्गावर गाडी धांवूं लागली. गाण्यानें झाड वांचलें नाहीं. पण मुंबईंत जंगल आहे, त्यांत पाडे आहेत आणि त्या पाड्यांत मराठीच्या घरचीच एक बोली आहे, हें शहरांतल्या पुष्कळ तरुणांनीं प्रथम त्या गाण्यांत ऐकलें. तोडफोड मार्च २०२२ मध्यें, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षीं वारला.

रॅप म्हणजे आमचा पोवाडाच, असें आतां सभांतून सांगण्याची चाल पडली आहे. तें आम्हांस मान्य नाहीं. पोवाडा दुसऱ्याचा पराक्रम सांगतो. रॅप बहुधा 'मी' पासून सुरू होतो आणि पुष्कळदां तेथेंच संपतो. पेशवाईंतल्या शाहिराच्या डोळ्यांपुढें बिदागी देणारा सरदार असे. या पोरांपुढें आरंभीं कोणीच नव्हतें. साम्य शोधावयाचें तर तें कलगीतुऱ्याच्या फडांत शोधावें, जेथें प्रतिपक्षास सवाल टाकून निरुत्तर करणें हीच विद्या होती. आणि मुद्रेंत शोधावें, कारण शाहीर जसा शेवटीं आपलें व साथीदाराचें नांव गोंवतो, तसें रॅप करणाराहि आपलें व ठेका बांधणाराचें नांव घेतल्यावांचून राहत नाहीं. आणखी जवळचें नातें अण्णाभाऊ साठे आणि आमच्या शेजारच्या बार्शीचे अमर शेख यांच्याशीं आहे. त्यांच्या डफापुढें सरदार नव्हता, गिरणीकामगार होता.

सत्तेनें या कवनांचें स्वागत कसें केलें, तें एप्रिल २०२३ मध्यें दिसलें. आदल्या वर्षींच्या सत्तांतरावर, पैशाच्या खोक्यांचा उल्लेख करून पण कोणा पक्षाचें नांव न घेतां, छत्रपति संभाजीनगरकडील राज मुंगासे यानें मराठींत रॅप केला. त्याच्याविरुद्ध अंबरनाथेस फिर्याद झाली. जनतेच्या हलाखीवर रॅप करणाऱ्या उमेश खाडे याच्यावर मुंबईंत वडाळ्यास गुन्हा नोंदविला गेला. कायद्याकडे जाण्याचा अधिकार सर्वांसच आहे. परंतु नांव न घेतलेल्या गाण्यांत आपलें नांव ओळखून जो पोलिसांकडे जातो, तो त्या गाण्यावर टीका करीत नाहीं, त्यास साक्ष देतो. अहिल्याबाईंनीं फंदीस चार शब्द सुनावले, अशी आख्यायिका सांगते; कोतवालीकडे धाडलें, असें सांगत नाहीं. आणि या पोरांचें मराठी अशुद्ध म्हणून नाकें मुरडणारे आमच्यासारखे विद्वान, त्या गाण्यांवर पहिला सविस्तर अभिप्राय पोलिसांच्या पंचनाम्यांत लिहिला गेला तेव्हां कोठें होते, हा प्रश्न आम्हांस कांहीं दिवस सुखानें झोपूं देईना.

ज्या विद्यार्थ्यास आम्हीं गुण नाकारले, तो गेल्या दिवाळींत भेटला. आम्हीं त्याजपाशीं आपली चूक कबूल केली. तो हंसला आणि म्हणाला, "सर, जाऊं द्या. तो खर्ड्याचा पोवाडा तुमच्याकडं आहे म्हणत होतात, तेवढा वाचायला द्या." ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं छापलेल्या पोवाड्यांच्या संग्रहाची आमच्याजवळ एक जुनी, बांधणी सुटलेली प्रत होती, ती आम्हीं त्यास दिली. ती अद्याप परत आलेली नाहीं, आणि आम्हीं मागितलेलीहि नाहीं.