आखडलेली मान आणि अंधांची उपजीविका

१/ दिवसभर संगणकासमोर बसून मान आखडली की अंगठा आपसूक मानेमागची दुखरी जागा शोधू लागतो. बिंदूंवर दाब देण्याच्या या उपचाराला आज आपण ॲक्युप्रेशर म्हणतो. जपानमध्ये त्याच्या इतिहासात वैद्यकाइतकाच वाटा उपजीविकेच्या हक्काच्या लढ्याचा आहे. त्याविषयी हा धागा.

२/ बैठ्या कामाचे दुखणे संगणकाने आणलेले नाही. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी व्यवसायजन्य रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांनी तीन कारणे दिली: सततची बैठक, हाताची एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनही कारणे आजच्या कचेरीत जशीच्या तशी सापडतात.

३/ शरीर दाबून-चोळून आराम देण्याची विद्या चीनमधून जपानमध्ये गेली आणि तेथे ‘अम्मा’ या नावाने रुजली. या शब्दातील पहिल्या चित्राक्षराचा अर्थ दाबणे, दुसऱ्याचा चोळणे. इ.स. ७०१ च्या ताइहो संहितेनुसार राजदरबाराच्या वैद्यक खात्यात अम्मा शिकवणाऱ्यांची पदे होती.

४/ मानेसाठी परंपरेने दोन बिंदू विशेष मानले. कवटीच्या तळाशी, मानेच्या जाड स्नायूंलगतच्या दोन खळग्यांतील बिंदूचे नाव ‘वाऱ्याचे तळे’. मान आणि खांद्याचे टोक यांच्या मध्यावरील बिंदूचे नाव ‘खांद्याची विहीर’. दाब सोसेल इतकाच द्यावा, श्वास संथ ठेवावा. गरोदरपणी दुसरा बिंदू दाबू नये, असा परंपरेचाच दंडक आहे.

५/ अशा दाबाने सैल वाटते, परंतु तासन्‌तास वाकून बसणे तसेच राहिले तर दुखणे परतते. हाताला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा जाणवत असेल तर अंगठ्यावर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे.

६/ आता मूळ कथेकडे. सुगियामा वाइची यांचा जन्म १६१० चा. लहानपणीच दृष्टी गेली. सुई टोचण्याची चिकित्सा शिकण्यासाठी ते एदो, म्हणजे आजच्या तोक्योत आले. पण गुरूंनी मंदबुद्धी ठरवून त्यांना घालवून दिले. पुढे नळीतून सुई टोचण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. एनोशिमा बेटावर ठेच लागून पडताना हाती आलेल्या पाइनच्या पात्यावरून ती सुचली, अशी आख्यायिका आहे.

७/ पाचवे शोगुन त्सुनायोशी यांच्यावर त्यांनी उपचार केले. १६८२ च्या सुमारास त्यांनी अंधांना सुईचिकित्सा आणि अम्मा शिकवणारी शाळा काढली. तेव्हा महाराष्ट्रात छत्रपती संभाजी महाराजांचे राज्य होते. पॅरिसमधील प्रसिद्ध अंधशाळा निघायला अजून सुमारे शंभर वर्षे होती.

८/ ज्यांची बोटे हेच डोळे, त्यांच्या हाती ही विद्या बहरली. रात्री शिट्टी वाजवत गल्ल्यांतून फिरणारा अंध अम्मावाला ही एदोची ओळख झाली. अंध पुरुषांचा ‘तोदोझा’ नावाचा संघ होता. त्यात पदांची उतरंड होती आणि त्याला राज्याश्रयही होता.

९/ मेइजी शासनाने १८७१ मध्ये हा संघ मोडीत काढला. संरक्षण गेले, गिऱ्हाईक मात्र होते. नात्सुमे सोसेकी यांच्या ‘मोन’ या १९१० च्या कादंबरीत कारकून नायक पत्नीचा ताठरलेला खांदा अंगठ्याने दाबतो. त्याच्याच पुढच्या वर्षी, १९११ मध्ये, अम्मासाठी परवाना आवश्यक झाला आणि अंधांसाठी परीक्षेत सवलत ठेवली गेली.

१०/ सर्वांत मोठे संकट १९४७ चे. युद्धोत्तर जपानवर अंमल असलेल्या दोस्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी सुईचिकित्सेसह हे परंपरागत उपचार अशास्त्रीय ठरवून बंद करण्याचा आग्रह धरला. अंध व्यावसायिक रस्त्यावर उतरले. अंधशाळांचे विद्यार्थीही त्यांना मिळाले. अखेर त्याच वर्षीच्या डिसेंबरात बंदीऐवजी परवान्याचा कायदा झाला.

११/ १९५५ च्या दुरुस्तीने ‘शिआत्सु’, म्हणजे बोटांचा दाब, हा शब्द कायद्यात आला. १९६४ मध्ये आणखी एक कलम जोडले गेले: अंधांची उपजीविका धोक्यात येत असेल तर डोळसांसाठी मालिशाच्या नव्या शिक्षणसंस्थांना शासन परवानगी नाकारू शकते.

१२/ या कलमाला आव्हान दिले गेले. व्यवसायस्वातंत्र्याचा भंग होतो, असा युक्तिवाद होता. ७ फेब्रुवारी २०२२ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले.

१३/ तरीही एक प्रश्न उरतो. राखीव व्यवसायाने अंधांना पिढ्यान्‌पिढ्या मानाची भाकरी दिली. पण अंध मूल जन्मले की त्याने मालिशच शिकावे, ही समाजाची अपेक्षाही त्यानेच घट्ट केली. संरक्षण कोठे संपते आणि कुंपण कोठे सुरू होते? आपले मत अवश्य लिहावे.

(समाप्त)