आरोग्यखर्चाचे भाकीत (अमेरिका)

पुढील दहा वर्षांत देशाचा आरोग्यावरील खर्च किती वाढेल, याचा अंदाज अमेरिकेत ‘मेडिकेअर व मेडिकेड सेवा केंद्रां’मधील ॲक्च्युअरींचे कार्यालय बांधते. 1960 मध्ये हा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 5 टक्के होता. 2023 मध्ये तो 17.6 टक्क्यांवर, म्हणजे सुमारे 4.9 लाख कोटी डॉलरवर गेला.

लोकसंख्येचे वय, उत्पन्न, वैद्यकीय सेवांचे दर आणि विम्याची व्याप्ती हे या गणिताचे मुख्य घटक. उत्पन्न वाढले की उपचारांवरचा खर्च लगेच वाढत नाही, त्याला काही वर्षे लागतात. प्रतिमानात हे अंतर धरलेले असते. प्रचलित कायदे तसेच राहतील, असेही गृहीत धरतात. खरी अडचण नव्या औषधांची आणि तंत्रज्ञानाची, कारण त्यांची किंमत आधी कोण सांगणार?

आरोग्यविमा सुधारणा कायदा झाल्यावर, 2010 मध्ये, या कार्यालयाने 2019 साठी 19.6 टक्क्यांचे भाकीत केले. प्रत्यक्षात प्रमाण 18 टक्क्यांच्या आतच राहिले. उलट 2020 मध्ये कोविडने ते एका वर्षात 19 टक्क्यांपलीकडे नेले.

तरीही हे अंदाज मोलाचे आहेत, कारण त्यांची गृहीतके उघडपणे मांडलेली असतात आणि चूक कुठे झाली हे कोणालाही तपासता येते.